फिरत्या घराची बांधाबांध

सन २०२४च्या पौष महिन्यांत एके सकाळीं आमच्या बिबवेवाडीच्या घरासमोर दुसरें एक घर येऊन उभें राहिलें. त्याला खिडक्या होत्या, पडदे होते, दाराशीं पायरी होती. आंत स्वयंपाकाचा लहानसा ओटा, पाण्याची टाकी, शौचकूप, निजावयाच्या तीन फळ्या आणि डोक्यावर दोन्ही बाजूंनीं कपाटें होतीं. जोत्याच्या जागीं मात्र चाकें होतीं. गल्लींतील मुलें भोंवतीं जमलीं. समोरच्या काकूंनीं गॅलरींतून विचारलें, "काय हो, दवाखान्याची गाडी का?" त्यांना 'कॅराव्हॅन' हा शब्द समजावून सांगतां सांगतां माझा चहा थंड झाला. भाड्यानें आणलेलें फिरतें घर, असें शेवटीं सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "अगबाई! घरं भाड्यानं घेतात हें ठाऊक होतं. तीं दाराशीं आणून देतात हें आज कळलं."

हा थाट आम्हीं निव्वळ हौसेखातर केला नव्हता. आमचें कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. सासूबाईंना चौऱ्याहत्तरावें वर्ष चालू होतें. मणक्याच्या दुखण्यामुळें त्यांना एका जागीं फार वेळ बसवत नसे, आणि वाटेंत शौचाची सोय कशी असेल या धास्तीनें त्यांनीं सात वर्षें प्रवासाचें नांवच काढलें नव्हतें. "आतां घरूनच नमस्कार," असें म्हणून त्या विषय बदलीत. पण प्रत्येक महाशिवरात्रीला त्यांचा चेहरा कसा होई तें आम्ही पाहत होतों. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांच ती बातमी भावोजींनीं वर्तमानपत्रांतून कापून ठेविली होती. तिचा उपयोग अखेर असा झाला. निघणारीं माणसें सहा: सासूबाई, यजमान, धाकटे भावोजी, जाऊबाई, अभियांत्रिकी शिकणारा आमचा पुतण्या आणि मी. गाडी हांकावयास मालकाचा माणूस होता.

घर लावण्यांत माझा हातखंडा आहे असें आमच्याकडे सारेच म्हणतात, आणि मीहि तें कधीं नाकारिलेलें नाहीं. तेव्हां या फिरत्या घरांतील सामानाची व्यवस्था मीं आपण होऊन अंगावर घेतली. सासूबाईंनीं एवढेंच विचारलें, "सुतळी किती घेतली आहेस?" मी हंसलें.

येथें आमच्या घरांतील एक जुना विनोद सांगितला पाहिजे. सासूबाईंना बांधण्याचा नाद आहे. मिठाईच्या पुड्याची दोरी, फुलांच्या पुडीचा दोरा, मार्केट यार्डांतून आलेल्या गोणीची सुतळी, सर्व कांहीं त्या सोडवून, गुंडाळून एका जुन्या बिस्किटांच्या डब्यांत ठेवितात. सोडवितात, कापीत कधीं नाहींत. कपाटाच्या माथ्यावरची पिशवी खिळ्याला बांधलेली, बरण्यांच्या फळीला आडवी दोरी, आणि माळ्यावरची एक पत्र्याची पेटी तर दुहेरी काथ्यानें छताच्या कडीला जखडलेली. 'आईंचें बांधकामखातें' असें म्हणून आम्ही दोघी सुना एकमेकींकडे पाहून हंसत असूं. दोन वर्षांपूर्वीं घराला रंग दिला, तेव्हां तो सुतळीचा डबा मीं भंगारांत देऊन टाकला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पंधरा दिवसांत दुसरा डबा भरूं लागला.

सामान भरण्याविषयीं मीं दोघांचा सल्ला घेतला. एक, आमच्या गल्लीच्या टोंकाला राहणारे वारकरी गृहस्थ. त्यांना सारे 'माउली' म्हणूनच हांक मारतात. आषाढी वारींत एका दिंडीच्या मालमोटारींतील सामान गेलीं कित्येक वर्षें तेच लावतात. दिंडी दिवेघाट चढून पायीं सासवडाकडे जाते. तंबू, पातेलीं, शिधा आणि वळकट्या मालमोटारींतून पुढें जातात. ज्यांचें घर रोज सकाळीं मोडतें आणि रोज संध्याकाळीं उभें राहतें, त्यांच्याहून या विषयांत जाणकार कोण असणार? माउलींनीं सांगितलें, मुक्कामाला जें आधीं लागतें तें शेवटीं भरावें, म्हणजे तंबू दाराशीं राहतो आणि पावसांत सारी मालमोटार उपसावी लागत नाहीं. जड तें तळाला घालावें. "आणि ताई, मधें मोकळी जागा ठेवूं नका. मोकळी जागा राहिली कीं सामान चालायला लागतं."

दुसरा सल्लागार आमचा पुतण्या. त्यानें कागद-पेन्सिल घेऊन मला असें समजावून दिलें कीं, उभ्या गाडींत वस्तु फक्त खालीं दाबते, पण चालत्या गाडींत ती पुढें, मागें, डावीकडे, उजवीकडेहि दाबूं पाहते. ताशीं ३० किलोमीटरच्या वेगानें गाडी २० मीटर त्रिज्येच्या वळणावरून गेली, तर आंतल्या प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाच्या सुमारें एकतृतीयांश इतका आडवा जोर लागतो. करकचून ब्रेक दाबला तर हाच जोर पुढच्या दिशेनें वजनाच्या सहा-सात दशांशांवर जातो. म्हणजे १० किलो तांदुळाचा डबा सहा-सात किलोचा रेटा देतो. पाणी लिटरला एक किलो, तेव्हां ८० लिटरची टाकी म्हणजे एक धष्टपुष्ट गृहस्थच. आणि अर्धी टाकी भरलेल्या टाकीहून खट्याळ, कारण आंतलें पाणी वळणावळणाला डुचमळून गाडीला हिसके देतें. हें सर्व मला पटलें. यूरोप-अमेरिकेंतील फिरतीं घरें पुष्कळदां बिनइंजिनाचीं असतात, मोटारीच्या मागें जोडून तीं ओढीत नेतात, हेंहि त्यानेंच सांगितलें. अशा घरांत सामानाचा तोल फार जपावा लागतो. शेंकडा साठ ओझें आंसाच्या पुढें ठेवतात आणि एकंदर वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा जोडावर पडेल असें पाहतात. मागची बाजू जड झाली तर तें घर वेगांत शेपटासारखें झुलूं लागतें आणि पुढच्या मोटारीलाहि घेऊन उलटूं शकतें. म्हणून चालतेवेळीं त्यांत माणसें बसविण्यास पुष्कळ देशांत कायद्यानें मनाई आहे. आमचें घर इंजिनासकट एकाच सांगाड्यावरचें असल्यामुळें माणसें आणि सामान एकाच खोलींत बसणार होतीं. हा मला त्या वेळीं मोठाच फायदा वाटला.

दीड दिवस मी त्या गाडींत खपत होतें. तांदूळ, डाळी, पीठ, तेल हें सर्व ओट्याखालीं, चाकांच्या जवळ ठेविलें. स्टीलचे डबे एकांत एक घालून मधल्या फटींत जुने पंचे कोंबले. ताटांच्या मध्यें वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या. कांचेची वस्तु एकच, लोणच्याची बरणी; ती लोकरी मोज्यांत घालून पिठाच्या डब्याशेजारीं उभी केली. विळी घरींच ठेविली आणि म्यानांतली सुरी घेतली, यावरून जाऊबाईंनीं माझ्याशीं एक दिवस अबोला धरला. कपड्यांसाठीं कठीण बॅगा मुळींच घेतल्या नाहींत. माणशीं एक कापडी पिशवी दिली. ती कोपऱ्याचा आकार घेते, आणि बॅग कोपऱ्याला आपला आकार देऊं पाहते. चपलांसाठीं दाराशीं घमेलें. सासूबाईंचीं औषधें, चष्मा आणि पाण्याची बाटली त्यांच्या बैठकीजवळ टांगलेल्या खिशाखिशांच्या पिशवींत. पांच किलोची गॅसची टाकी उभी करून पट्ट्यानें आवळली. चालत्या गाडींत ती बंद ठेवावयाची, कारण हा वायु हवेपेक्षां जड असून गळला तर जमिनीलगत सांचून राहतो. डोक्यावरच्या कपाटांत फक्त टॉवेल, चादरी, पापड, चिवडा असें हलकें सामान. देवाला द्यावयाची पितळी समई चार किलो वजनाची. ती दुलईंत गुंडाळून बैठकीखालच्या पेटींत निजविली. सारें लावून झाल्यावर मी खालीं उतरून पुन्हा आंत डोकावलें, आणि खरें सांगावयाचें तर माझें मलाच कौतुक वाटलें.

निघण्याच्या दिवशीं सासूबाई काठी टेकीत आंत चढल्या. त्यांनीं सर्वत्र नजर फिरविली, "छान लावलं आहेस," म्हणाल्या, आणि कमरेच्या पिशवींतून सुतळी काढून वरच्या कपाटांच्या मुठी जोडीजोडीनें बांधावयास लागल्या. त्या कपाटांच्या दारांना लोहचुंबकाची चाप होती, तीं आपोआप मिटून बसत. असें मीं दोनदां सांगितलें. त्या "हो" म्हणाल्या आणि बांधीत राहिल्या. पांढऱ्या गुळगुळीत दारांवर ती पिंवळट, केसाळ सुतळी पाहून मला कसेंसेंच झालें. यजमान हळूच म्हणाले, "असूं दे, तिला बरं वाटतं."

कात्रज मागें पडलें. खेड शिवापूरच्या अलीकडे एका दुचाकीमुळें चालकानें एकदम ब्रेक दाबला, आणि टोपलींतले कांदे सर्व घरभर पसरले. मोकळी जागा मीं फक्त तेवढ्याच एका ठिकाणीं ठेविली होती. कांदे गोळा करतां करतां पुतण्यानें विचारलें, "आजी, तूं सगळं बांधून कां ठेवतेस ग?" त्या घरांत येऊन मला सत्तावीस वर्षें झालीं, हा प्रश्न मीं त्यांना कधीं विचारला नव्हता.

त्यांनीं सांगितलें तें असें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें नवें मातीचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि मुठेचें पाणी पुण्यांत शिरलें. सासूबाईंचें माहेर नारायण पेठेंत, नदीपासून हांकेच्या अंतरावर. त्यांचें वय अकरा. पाणी येतें आहे अशी ओरड झाली तेव्हां त्यांच्या वडिलांनीं मोठें सामान जागच्या जागीं ठेविलें. भांडीं शिसवी कपाटांत, पुस्तकें फडताळांत, धान्य पिंपांत. कपाट एवढें जड कीं चार माणसांना हलत नसे. तें कोठें जाणार? फक्त एक पत्र्याची पेटी त्यांनीं विहिरीच्या दोरानें माजघराच्या तुळईला टांगून बांधली, आणि मंडळी बाहेर पडलीं. परत आलीं तेव्हां कपाट अंगणांत चिखलामध्यें पालथें पडलें होतें, आणि फडताळाच्या भिंतीच्या जागीं आभाळ दिसत होतें. तुळई मात्र उरली होती, आणि पेटी तिला लोंबत होती. पेटींत दोन लुगडीं, देवांचे टाक, कुटुंबांतल्या पत्रिका आणि एक पोथी. पोथीच्या खालच्या कांठाला चिखलाची एक रेघ उमटली होती, इतकेंच. पुढें माहेरच्या मंडळींना सहकारनगरांत पूरग्रस्तांच्या सोसायटींत जागा मिळाली. तेथें प्रथम जी वस्तु गेली ती ही पेटी.

"गांठ बाबांनीं माझ्याकडून मारवून घेतली होती," सासूबाई म्हणाल्या. "त्यांचे हात कांपत होते. मी स्टुलावर चढले."

आमच्या माळ्यावर दुहेरी काथ्यानें जखडलेली पेटी ती हीच. मी खिडकीबाहेर पाहूं लागलें. भंगारांत दिलेला तो डबा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

खंबाटकीचा घाट चढतांना त्या घरानें आपला आवाज ऐकविला. बांधलेली वस्तु गप्प असते, सैल वस्तु बोलते. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या, आणि एकेक आवाज ओळखून सांगत होत्या: "तो चमचा. हें झांकण. तें स्नानघरांतलं तपेलं, त्याच्या कडींतून फडकं घाल." पाटणला पोंचेपर्यंत घर पुष्कळच शांत झालें होतें. रात्रीं ओळखीच्या एका गृहस्थांच्या अंगणांत गाडी उभी केली. पुरुष मंडळी त्यांच्या ओसरीवर निजलीं, आम्ही तिघी गाडींत. सासूबाई रात्रीं दोनदां उठल्या, आणि दोन्ही वेळां कोणास हांक न मारतां चार पावलांवर जाऊन परत आल्या. सकाळीं त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता कीं, दिलेलें भाडें तेथेंच फिटलें असें यजमान म्हणाले.

आतां मुख्य गोष्टीकडे यावयाचें, आणि ती लिहितांना लेखणी अडते. त्या सकाळीं नातेवाइकांना पाठविण्यासाठीं मला आंतल्या सजावटीचा फोटो काढावयाचा होता. बैठकीखालची समई काढून मीं मेजावर ठेविली, पडदे सारखे केले. चित्र सुरेख दिसत होतें, पण मागें ती सुतळी. सासूबाई बाहेर उन्हांत चहा घेत होत्या. मीं मेजावरच्या कपाटाची सुतळी सोडली, फोटो काढला, आणि सुतळी पर्समध्यें टाकली. इतक्यांत चालकानें निघण्याची घाई केली. बैठकीखालच्या पेटीवर जाऊबाईंनीं पिशव्या रचल्या होत्या. मीं समई उचलली आणि वरच्या कपाटांत, चादरींच्या पुढें, ठेवून दिली. दार चट्कन मिटलें. गॅस, नळ, खिडक्या, पायरी, ही निघण्यापूर्वींची फेरी मीं काटेकोरपणें घेतली. फक्त वर पाहिलें नाहीं.

कोयनानगर मागें टाकून गाडी कुंभार्लीचा घाट उतरूं लागली. सासूबाई मेजाशीं पट्टा लावून बसल्या होत्या, डावा हात मेजावर. कितव्या वळणावर तें घडलें तें सांगतां येणार नाहीं. चार किलोच्या समईनें दाराला सव्वा किलोचा रेटा दिला असेल. पापड-चिवड्यासाठीं बसविलेल्या लोहचुंबकाला तो पेलला नाहीं. दार उघडलें, समई खालीं आली, आणि त्यांच्या मनगटावर पडली. त्या ओरडल्या नाहींत. "अग आई ग," एवढेंच, तेंहि हळू. अर्धी वीत इकडे असती तर डोक्यावरच येती.

चिपळूणच्या डॉक्टरांनीं क्ष-किरण चित्र पाहून मनगटाच्या हाडाला बारीक चीर गेल्याचें सांगितलें आणि पांच आठवड्यांचें प्लास्टर घातलें. यजमानांचा रागाचा पारा चढलेला. "वरच्या दारांना सुतळी होती ना? कोणी सोडली?"

मीं तोंड उघडलें होतें. त्याआधींच सासूबाई म्हणाल्या, "मींच सोडली रे, पापड काढायला. समईसुद्धां मींच वर ठेवायला सांगितली. आतां पुरे कर."

त्यांनीं माझ्याकडे पाहिलेंहि नाहीं. मी गप्प बसलें. पर्स मांडीवर होती.

संध्याकाळीं गुहागरला पोंचलों. गाडी मंदिराजवळ उभी करतां आल्यामुळें त्यांना थोडेंच चालावें लागलें. झोळींतल्या हातानें नमस्कार पुरता जुळेना, तेव्हां उजवाच हात कपाळाला लावून त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या. समईच्या बैठकीला एका बाजूनें पोंचा आला होता. तिच्याखालीं घडी केलेला कागद सारून ती सरळ उभी केली आणि लावली. इतरांनीं काय मागितलें तें मला ठाऊक नाहीं. मला मागण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं परतीचें सामान लावूं लागलें. नारळ, कोकमें, फणसपोळी अशी भर पडली होती. जाऊबाई बाहेर कपडे झटकीत होत्या. सासूबाई मेजाशीं बसून होत्या. वरचीं दारें लावून मी वळलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "तुझ्या पर्समधली सुतळी दे."

मीं ती दिली. माझे डोळे भरून आले. तिकडे त्यांनीं लक्ष दिलें नाहीं. एका हातानें त्यांना बांधतां येईना, म्हणून त्यांनीं एक टोंक दांतांत धरलें आणि दुसरें माझ्या हातांत दिलें. मुठींभोंवतीं दोन वेढे, मग टोंक सबंध ओढून न घेतां त्याचा दुमडलेला फांसा आंतून काढावयाचा. दारानें रेटा दिला कीं वेढे आवळतात, आणि मोकळें टोंक ओढलें कीं गांठ एका झटक्यांत सुटते. "निरगांठ मारूं नको," त्या म्हणाल्या, "मग कापावी लागते. सुरगांठ मार." माझ्या पहिल्या तीन गांठी त्यांनीं सोडावयास लावल्या. चौथी राहूं दिली. कुंभार्लीचा घाट चढतांना वरच्या आठहि दारांतून आवाज आला नाहीं.

प्लास्टर निघालें, हात बरा झाला. कणीक मळतांना अजून थोडा दुखतो. घरांत सर्वांची समजूत अशी कीं, सुतळी सासूबाईंनींच सोडली होती; आणि भावोजी अधूनमधून थट्टेनें त्यांना "बांधकामखात्याची चूक" म्हणून चिडवितात, तेव्हां त्या हंसतात. तें हंसणें मला आतां ऐकवत नाहीं, म्हणून हें लिहिलें. हा अंक घरीं आला म्हणजे प्रथम यजमानांच्या हातीं पडेल. छापावयास देण्यापूर्वीं मीं सासूबाईंना हा मजकूर वाचून दाखविला. त्यांनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें, आणि एकच चूक काढली: पेटीला बांधलेला दोर विहिरीचा नव्हता, त्यांच्या धाकट्या भावाच्या पाळण्याचा होता.